अपघात नगर रोडवर, निवाडा शिवाजीनगरात

पुण्याहून नगरकडे निघालं की खराडी बायपासनंतर वाघोली लागते. सकाळी आठच्या सुमारास केसनंद फाट्यावर थोडा वेळ उभं राहिलं, तर हे उपनगर कशाकशाचं बनलंय ते दिसतं. शाळेच्या बस, आयटी कंपन्यांच्या कॅब, माणसांनी लगडलेली पीएमपी, स्कूटरवर पुढे एक आणि मागे एक मूल घेतलेल्या आया, मजूर अड्ड्यावर थापी-डबा घेऊन थांबलेले गवंडी. आणि या सगळ्यांच्या मधून वाट काढणारे खडीचे डंपर आणि सिमेंटचे मिक्सर. इथल्या दगडखाणी आणि क्रशर जुने, टॉवर नवे. २०२१ च्या जूनमध्ये गाव महापालिकेत आलं. लोक त्याआधीच आले होते. रस्ता मात्र अजून येतोच आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये याच फाट्याजवळ फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावरून रात्री डंपर गेला. तिघं गेले, त्यांत दोन चिमुकली मुलं होती. कामाच्या शोधात अमरावतीकडून आलेली ही माणसं. पुढच्याच महिन्यात हिंजवडीजवळ मिक्सर उलटला आणि दुचाकीवरच्या दोन तरुणी त्याखाली सापडल्या. त्याआधी, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये, नवले पुलाच्या उतारावर एका अवजड वाहनाने कितीतरी वाहनं ठोकली होती. मे २०२४ मधलं कल्याणीनगरचं पोर्शे प्रकरण तर सगळ्या देशाला ठाऊक झालं. तीनशे शब्दांचा निबंध, जामीन, रक्ताचे नमुने या सगळ्यावर रकानेच्या रकाने भरले.

अशा प्रत्येक बातमीत चालक पकडला जातो, गाडी जप्त होते, नागरिक रास्ता रोको करतात आणि बातमी संपते. गेलेल्या माणसाच्या घरात पुढच्या महिन्याचं भाडं कोण भरतं, हे त्यानंतर कुणी लिहीत नाही. २०२३ या एका वर्षात देशात रस्त्यावर १ लाख ७२ हजारांहून जास्त माणसं मेली. त्यातल्या कित्येक घरांमधली कमावती व्यक्तीच गेली असणार. या घरांना कायद्याने पैसे मिळू शकतात. ते कसे मिळतात, किती मिळतात आणि कुठे अडतात, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली जखमीला किंवा मृताच्या वारसांना भरपाईचा दावा लावता येतो. त्यासाठी वेगळं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण असतं. १९३९ च्या जुन्या कायद्यात १९५६ साली दुरुस्ती झाली आणि ही न्यायाधिकरणं आली. पुण्यातलं न्यायाधिकरण शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात बसतं. वकील त्याला ‘एमएसीटी’ म्हणतात, आणि बघताबघता पक्षकारही तसंच म्हणू लागतात. दावा अपघात झाला तिथेच लावला पाहिजे असं नाही. वारस जिथे राहतात तिथे, किंवा गाडीमालक जिथे राहतो तिथेही तो लावता येतो. नांदेडहून आलेला मजूर वाघोलीत गेला, तर त्याच्या बायकोला गावाकडून दर तारखेला पुण्याला खेटे घालायची गरज नाही. ही साधी गोष्ट बहुतेक घरांना माहीत नसते, आणि त्यांना ती कुणी सांगतही नाही.

फौजदारी खटला वेगळा, भरपाईचा दावा वेगळा. फौजदारीत गुन्हा निःसंशय शाबित करावा लागतो. दाव्यात घटना कशी घडली असण्याचा संभव जास्त आहे, एवढंच पाहिलं जातं. त्यामुळे चालक निर्दोष सुटला तरी केवळ तेवढ्यावरून दावा पडत नाही. ‘ड्रायव्हर सुटला, आता काय उपयोग’ असं म्हणून फाइल बांधून ठेवणारी माणसं कोर्टाच्या आवारात भेटतात. त्यांना हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं.

दाव्याचा निकाल लागायला वर्षं जातात, पण त्याचा पाया पहिल्या आठवड्यातल्या कागदांत पडतो. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, इन्क्वेस्ट पंचनामा, पी. एम. रिपोर्ट, जप्त गाडीचं आरसी, तिची पॉलिसी आणि चालकाचं लायसन्स, एवढी मुख्य कागदपत्रं. यातला पंचनामा एकदा नीट वाचून पाहावा. साधारण दीड-दोन पानं. रस्ता पूर्व-पश्चिम की दक्षिण-उत्तर, डांबरी भाग किती फूट, साइडपट्टी किती, दुभाजक आहे की नाही, दुचाकी रस्त्याच्या कडेपासून किती अंतरावर पडलेली, टायर घासल्याच्या खुणा कुठून कुठपर्यंत, काचा कुठे पडल्या, खांबावर दिवा होता का. खाली दोन पंचांच्या सह्या. काही वर्षांनी उलटतपासणीत विमा कंपनीचा वकील नेमका या अंतरांवर बोट ठेवतो. दुचाकी मध्यरेषेच्या पलीकडे पडलेली दिसली, की मृताचीच चूक होती असं म्हणायला त्याला जागा मिळते. चुकीचा वाटा मृतावर टाकला गेला, की भरपाईतून तेवढे टक्के कापले जातात. म्हणून अंतर टेपने मोजलं होतं की पावलांनी, याला फार महत्त्व येतं.

वाढत्या उपनगरात आणखी एक अडचण होते. साक्षीदार साक्षीला उभा राहतो तोवर ती जागाच उरलेली नसते. दुभाजक फुटलेला असतो किंवा नवा झालेला असतो, यू-टर्न बंद झालेला असतो, ड्रेनेजसाठी रस्ता दोनदा उकरलेला असतो. समोरचं टपरीवजा हॉटेल पाडून तिथे शोरूम आलेलं असतं आणि हॉटेलवाला, म्हणजे एकुलता एक प्रत्यक्षदर्शी, गाव सोडून गेलेला असतो. दुकानाच्या कॅमेऱ्यातलं रेकॉर्डिंग तर काही दिवसांतच आपोआप पुसलं जातं. पोलीस ठाण्यांच्या हद्दीही बदलतात. वाघोलीचा भाग लोणीकंद ठाण्यात होता. ते ठाणं २०२१ मध्ये पुणे ग्रामीणमधून शहर आयुक्तालयात आलं, आणि २०२४ मध्ये वाघोलीचं स्वतंत्र ठाणं झालं. हद्द बदलली की जुना कागद कुठल्या कपाटात सापडेल, याचा शोध वारसांनाच घ्यावा लागतो.

असं होऊ नये याची तरतूद कायद्यात आहे, आणि ती चांगली आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे तपासी अंमलदाराने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा. पीडितांना त्यांच्या हक्कांचा कागद दहा दिवसांत द्यायचा. सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणात दाखल करायचा, आणि न्यायाधिकरणाला हाच अहवाल दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमांची अंमलबजावणी काटेकोर व्हावी म्हणून सविस्तर निर्देश दिले. म्हणजे वारसांनी पोलिसांच्या मागे न धावता पोलिसांनीच कागद कोर्टात पोचवावेत, हा कायद्याचा हेतू. प्रत्यक्षात आजही कित्येक वारस झेरॉक्ससाठी ठाण्याच्या पायऱ्या झिजवतात. हक्कांचा तो कागद हातात पडलेला माणूस मला भेटला नाही. अंमलदारावर कामाचा बोजा असतो, हे मान्य. पण हे काम त्याने मेहरबानी म्हणून करायचं नाही, ते त्याच्यावर बंधनकारक आहे.

शिवाजीनगरला कोर्टाच्या व्हरांड्यात एक बाई भेटल्या. वय तिशीच्या आत-बाहेर. मुखेड तालुक्यातल्या. नवरा सेंट्रिंगच्या कामावर होता, साइटवरून खोलीवर परतताना टेम्पोने उडवला. नाव इथे देत नाही. त्यांच्या पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली कागदपत्रं होती. आधार कार्ड, रेशनकार्ड, पी. एम. रिपोर्ट आणि हजेरीच्या वहीचा मोबाइलवर काढलेला फोटो. फोटोत नवऱ्याच्या नावापुढे उभ्या रेघा होत्या, मध्ये काही खाडे, शेवटी उचलीचे आकडे. सही कुणाचीच नव्हती.

“ताई, रोजचे सातशे पडायचे त्यांना,” त्या म्हणाल्या. “मुकादमाला म्हणलं, एवढं कागदावर लिहून द्या. तो म्हणतो, मी कशाला कोर्टाच्या लफड्यात पडू?”

मुकादम का कचरतो तेही उघड आहे. लिहून दिलं की किमान वेतन, विमा, नोंदणी असे सगळे प्रश्न त्याच्यावरच उलटतात. पण त्या एका नकाराची किंमत किती, हे मांडून पाहिलं पाहिजे. भरपाईचं गणित वकिलांना तोंडपाठ असतं, पक्षकाराला मात्र ते क्वचितच कुणी समजावून देतं.

समजा, मृताचं वय ३२ वर्षं, महिन्याची कमाई १८,००० रुपये. मागे बायको, दोन मुलं आणि आई. वर्षाचे झाले २,१६,०००. माणूस जगला असता तर कमाई वाढली असती, म्हणून यात भर घालतात. प्रणय सेठी प्रकरणात २०१७ मध्ये घटनापीठाने ठरवून दिल्याप्रमाणे, कायम नोकरी नसलेल्याचं वय चाळिशीच्या आत असेल तर ४० टक्के. बेरीज ३,०२,४००. यातून त्याचा स्वतःचा खर्च वजा होतो. अवलंबून असलेली माणसं चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश. उरले २,२६,८००. आता गुणक. २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे ३१ ते ३५ वयासाठी तो १६ आहे. गुणाकार ३६,२८,८००. शिवाय जोडीदार, मुलं आणि आई-वडील यांना सहवास गमावल्याबद्दल प्रत्येकी ४० हजार, वारसाहक्काच्या नुकसानीचे १५ हजार आणि अंत्यविधीचे १५ हजार. या ठोक रकमा दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढतात.

आता कमाईचा कागद नाही, आणि न्यायाधिकरणाने अंदाजाने महिना ९,००० धरले, असं समजा. बाकी काहीच बदललं नाही, तरी मुख्य रक्कम थेट १८,१४,४०० वर येते. अठरा लाखांहून जास्त रुपये एका सहीअभावी गेले. दोन मुलांचं शिक्षण आणि म्हातारीचं औषधपाणी त्यात झालं असतं.

पुरावाच नसेल तर न्यायालयाने हात झटकावेत असंही नाही. केवळ पगाराचा दाखला नाही म्हणून कमाई किमान वेतनाइतकीच धरायला नको, वस्तुस्थिती पाहून थोडा अंदाज बांधावाच लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या एका निकालात म्हटलंय. म्हणून इतर खुणा गोळा कराव्यात. खोलीभाड्याच्या पावत्या, मुलांची शाळेची फी, फोन-पेवर आलेले पैसे, बचत गटाचे हप्ते, बांधकाम कामगार मंडळाचं नोंदणी कार्ड. सोबत काम करणाऱ्या एखाद्या कारागिराने शपथेवर रोज सांगितला, तरी न्यायाधिकरण त्याची दखल घेतं.

जखमींच्या दाव्यात तर याहून बारीक विचार लागतो. डॉक्टर शरीराचं अपंगत्व टक्क्यांत लिहून देतात, आणि विमा कंपनी तोच आकडा धरून चालते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा घोळ निस्तरला. शरीराचं अपंगत्व किती, यापेक्षा त्या माणसाची कमावण्याची ताकद किती गेली हे पाहा, असं न्यायालय म्हणालं. डावा हात गेलेला कारकून नोकरीवर राहू शकतो. तोच हात गेला तर सुतार किंवा ड्रायव्हर जवळपास पूर्णच बसून जातो. म्हणून उलटतपासणीत डॉक्टरला “हा माणूस आता शिडी चढू शकतो का, वीट उचलू शकतो का” असं विचारणारा वकील हवा. सर्टिफिकेट जोडून मोकळा होणारा वकील कामाचा नाही.

आणि घर सांभाळणारी बाई गेली तर? पूर्वी तिच्या कामाची किंमत जवळजवळ धरतच नसत. २०२१ च्या कीर्ती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीचंही उत्पन्न धरलंच पाहिजे, आणि त्यात भविष्यातली वाढही मिळवली पाहिजे, हे स्पष्ट केलं. न्यायमूर्ती रमणा यांनी त्यात २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाचा दाखला दिला. घरकामात बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते, पुरुष ९७. आमच्या उपनगरांत नवराबायको दोघंही कामावर जातात, आणि मुलांना सांभाळायला गावाकडून आजी येऊन राहते. सकाळी नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायला जाणारी आजी रस्ता ओलांडताना गेली, तर त्या घराचं नुकसानही पैशांत मोजावंच लागेल. तिचा दावा लावताना संकोचाने हात आखडू नये.

विमा कंपनीचे ठरलेले बचाव असतात. लायसन्स नव्हतं, परमिट नव्हतं, पॉलिसी संपली होती, दुचाकीवर तिघं होते. लायसन्सच्या मुद्द्यावर २००४ च्या स्वर्णसिंग निकालाने वारसांना मोठा आधार दिला. अशा प्रकरणात न्यायाधिकरण कंपनीला सांगू शकतं, आधी वारसांना पैसे दे आणि मग मालकाकडून वसूल कर. दुचाकीवर तिघं बसले एवढ्यानेच मृताची चूक ठरत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. ती चूक अपघाताला कारण झाली हे दाखवावं लागतं. पॉलिसीच नसेल तर मात्र पंचाईत होते. मग सगळा भार मालकावर, आणि मालकाकडे एका जुन्या टेम्पोपलीकडे काही नसतं. १ सप्टेंबर २०१८ नंतर घेतलेल्या नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सुरुवातीलाच मिळतो. ती मुदत संपली की नूतनीकरण करायचं असतं, हे कित्येकांच्या ध्यानात येत नाही.

गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर कलम १६१ खाली वेगळी योजना आहे. मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार. २०२२ पूर्वी हेच आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते. त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही, अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा. वाहनाचा पत्ता महिनाभरात लागला नाही तर पोलिसांनी वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२४ चा आदेश आहे. शिवाय मे २०२५ मध्ये जखमींसाठी कॅशलेस उपचारांची योजना आली, सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांची. दवाखान्यात डिपॉझिट मागितलं तर तिचं नाव घ्या.

एक धोका ठळकपणे सांगायला हवा. कलम १६४ खाली कुणाची चूक हे न पाहता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. घरात चूल थंड असताना पाच लाखांचा आकडा मोठा वाटतो. पण कंपनीने देऊ केलेली ही रक्कम ठरलेल्या प्रक्रियेने एकदा स्वीकारली, की कलम १६६ खालचा मोठा दावा संपतो. वरच्या गणितातल्या छत्तीस लाखांपुढे हे पाच लाख ठेवून पाहा. कंपनीने तडजोडीचा प्रस्ताव दिला तर तो जरूर ऐकावा, लोकअदालतीतही जावं. मात्र आपला आकडा कागदावर मांडून मगच.

दवाखान्याच्या दारात एजंट भेटतात. शवागाराबाहेर रडणाऱ्या भावाच्या हातात कार्ड ठेवतात आणि ‘सगळं आम्ही बघतो, निकालाच्या तीस टक्के द्या’ म्हणतात. निकालाच्या रकमेत वाटा ठरवून फी घेणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. स्त्रिया, मुलं, अपंग, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, त्यांचं उत्पन्न कितीही असलं तरी. पुण्यात हे कार्यालय शिवाजीनगर कोर्टातच आहे. मुखेडच्या त्या बाई तिथूनच आलेल्या वकिलासोबत उभ्या होत्या.

आता मुदतीबद्दल. १९९४ मध्ये संसदेने दाव्याची मुदत काढून टाकली होती, आणि पंचवीसहून अधिक वर्षं वारसांना उशिराची भीती नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत परत आणली, ती एप्रिल २०२२ पासून लागू झाली. हे मला साफ अन्यायाचं वाटतं. तेरावा, गावाकडे जाणं, मुलांच्या शाळा बदलणं, दवाखान्याची उधारी यात सहा महिने कसे जातात ते ज्यांच्या घरी घडलं त्यांना विचारा. पायात रॉड घालून पडलेला जखमी माणूस तर सहा महिन्यांत उठूनही बसत नाही. या मुदतीला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाल्या आहेत. तिथे काय होईल त्याची वाट पाहू नका, सहा महिनेच हातात आहेत असं धरून चाला. आणि मुदत घालायचीच असेल, तर पोलिसांनी हक्कांचा कागद हातात दिल्याच्या तारखेपासून मोजावी.

शेवटी वाचकांना एक विनंती. हा अंक ज्या घरांत वाचला जातो, त्यातल्या अनेक घरांत कुणीतरी कामाला येतं. स्वयंपाकाच्या मावशी, ड्रायव्हर, रंगारी, सोसायटीचा वॉचमन. त्यांचा पगार शक्य तिथे खात्यावर द्या. रोखच द्यायचा असेल तर महिन्याकाठी एका कागदावर नाव, रक्कम आणि तारीख लिहून सही करून द्या, त्यांना तो घरी जपून ठेवायला सांगा. आणि उद्या त्यातल्या कुणाच्या बायकोने येऊन “एवढं लिहून द्या” म्हटलं, तर द्या. साक्षीला बोलावलं, तर जा.